सोडलेल्या चहाचे प्रकार

एकाहत्तर सालच्या दिवाळीत मी देवापुढे हात जोडून चहा सोडला, आणि पुढच्या अडीच महिन्यांत जितक्या तऱ्हांचा चहा प्यायले तितक्या तऱ्हांचा त्याआधी कधी प्यायले नव्हते. हे वाक्य नातीने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "आजी, यात काहीतरी चुकलंय गं." वाक्य बरोबर आहे, बाई. चूक तुझ्या आजीत आहे.

आमचं गाव इस्लामपूरपासून दोन-अडीच कोसांवर. चार एकर ऊस, एक विहीर, दोन म्हशी, आई, आबा, दादा आणि मी. आमच्याकडे दर तिसऱ्या घरातला एक जण फौजेत असायचा, तसा आमच्या घरातला दादा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी मॅट्रिक झाले तेव्हा आबांनी स्थळं बघायला घेतली होती. दादा सुटीवर आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आबा, तिला सांगलीला घाला कॉलेजात. लगीन काय पळून चाललंय व्हय?" फौजेतल्या पोराला आबा उलटून बोलत नसत. अशी मी सांगलीला गेले. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी! त्या वेळी डोक्यात जी हवा शिरली ती पुढे बरीच वर्षं तिथेच मुक्कामाला होती.

आता चहाचं. घरचा चहा गुळाचा. म्हशींचं दूध रतिबाला जायचं, त्यामुळे चहात दूध पडलंच तर पळीभर, तेही भगुलं चुलीवरून उतरवल्यावर. गूळ उकळत असताना दूध घातलं की चहा फाटतो, हे शास्त्र मला अ आ ई च्या आधी येत होतं. तो लालसर, दाट, घशाला चटका देणारा चहा मी बशीत ओतून प्यायची. एक बशी, दोन बश्या, तिसरी आईची नजर चुकवून. आई म्हणायची, "किती ढोसशील गं? च्यानं पोरी काळ्या पडत्यात. मग कोण करून घील तुला?" मी मुळातच काळी होते, त्यामुळे मला कसली भीती नव्हती.

त्या दिवाळीला दादा महिन्याभराच्या सुटीवर आला होता. पाडव्याचा फराळ अजून डब्यात होता आणि तार आली: सुटी रद्द, ताबडतोब हजर व्हा. लढाई लागणार लागणार असं सगळीकडे बोललं जात होतं, पण बोललं जाणं वेगळं आणि आपल्या घरी तार येणं वेगळं. आईने करंज्या फडक्यात बांधल्या. मग देव्हाऱ्यापुढे उभी राहिली, पायातल्या वहाणा काढून कोपऱ्यात सारल्या आणि म्हणाली, "पोरगं परत घरी येईस्तवर पायात काय घालायची न्हाई." आबांनी मटण सोडलं. आमच्याकडे ही रीतच. घरातलं माणूस संकटात निघालं की मागे राहिलेल्यांनी आपल्या जिवाला आवडणारं काहीतरी सोडायचं. आणि सोडायचं ते खरोखर आवडणारंच. देव काय खुळा नसतो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी पडवळ सोडते," मी म्हटलं.

आईने अशी नजर टाकली की पडवळसुद्धा शरमलं असतं. दादा उंबऱ्यात बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. तो हसायला लागला. "च्या सोड म्हणावं तिला. तवा मानीन."

मला कोणी डिवचलं की अक्कल जागा सोडते, हे माझं जुनं दुखणं. मी तरातरा पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "दादा घरी येईपर्यंत चहा सोडला!"

"बघ हं," दादा म्हणाला, "माझ्या जिवाशी गाठ हाय." तो चेष्टेत म्हणाला. आई चेष्टेतसुद्धा असलं ऐकून घेत नसे. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग तो गेला. फाट्यापर्यंत आम्ही पोचवायला गेलो. आई अनवाणी.

पाच दिवस मी चहा प्यायले नाही. हे पाच दिवस मी आजही छाती पुढे काढून सांगते, कारण सांगण्यासारखे तेवढेच आहेत. डोकं ठणकायचं, सकाळी कोणी हाक मारली तर मी अंगावर जायची. सहाव्या दिवसापासून दुसरी टर्म होती, म्हणून पाचव्या दिवशी संध्याकाळी मी सांगलीच्या वसतिगृहात परतले.

खोलीत माझ्याबरोबर एक मुलगी राहायची. जतकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिच्या सात पिढ्यांत कोणी पाटीला हात लावला नव्हता, आणि ही मात्र प्राध्यापकांना असे प्रश्न विचारायची की ते खडू खाली ठेवायचे. तिला वकील व्हायचं होतं. तिचा पहिला खटला मी.

सकाळी मेसमधून चहाचा वास वर आला. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. तिने सगळी हकीकत काढून घेतली आणि विचारलं, "द्यावापुढं सोडलास त्यो च्या कंचा?"

"कंचा म्हणजे? चहा."

"गुळाचा का साकरंचा?"

"घरी गुळाचाच असतो."

"मग गुळाचा सोडलास. ह्यो मेसचा हाय साकरंचा."

मी म्हटलं, असं कुठं असतं? ती म्हणाली, "का नसतं? उपासाला शेंगा चालत्यात, हरबरं चालत न्हाईत. दोनी दाणंच न्हवं? द्यावाचं समदं असंच असतं. बारीक बघावं लागतं."

आता यावर काय बोलणार? म्हणजे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण मला बोलायचं कुठे होतं? मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले.

मेसचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची ओळख करून दिलेली. एरवी आम्ही त्याला नावं ठेवायचो. त्या दिवशी मी तो डोळे मिटून प्यायले आणि माझं डोकं पाच दिवसांनी खांद्यांवर नीट बसलं. वर आले तेव्हा मात्र 'माझ्या जिवाशी गाठ हाय' कानात वाजायला लागलं. दादाचं ते वाक्य. माझ्या वकिलीणबाईंनी थोडा विचार केला आणि निकाल दिला: एकदा प्यालीस की तो प्रकार तुझा झाला. मग तोही सोडायचा. पुढच्या वेळी प्यायचा तो निराळा.

केवढी सोय! मी देवापुढे एक चहा सोडला होता. आता जितके प्यायची तितके सोडत चालले होते. त्या हिशेबाने माझं पुण्य रोज वाढतच होतं. अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय बसेल याला काही धरबंध नसतो. हे मी माझ्यावरून सांगते आहे, नातीवरून नाही. तिने तोंड वाकडं करायचं कारण नाही.

अशी आमची चहाची शोधमोहीम निघाली. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मुली बसत नसत, लेडीज रूमच्या दारात जाडजूड कॅन्टीनवाले स्वतः किटली घेऊन यायचे आणि आत न बघता भिंतीकडे तोंड करून विचारायचे, "किती?" त्यांचा चहा वेलदोड्याचा. झाला, सुटला. मग एकीच्या घरचा, सुंठ आणि मिरी कुटून घातलेला, ज्याने नाकातून पाणी यायचं. मग नुसत्या दुधातला, पाण्याचा थेंब नसलेला, जो पिऊन मला तासाला झोप लागली. गणपतीच्या देवळाकडून येताना एका हॉटेलात आम्ही इकडेतिकडे बघत 'फॅमिली रूम'मध्ये शिरलो. फॅमिली रूम म्हणजे लाकडी फळ्यांचं खोपटं आणि पुढे कळकट पडदा. पडद्यामागे आम्ही दोघी, डोक्यावरून पदर घेऊन, जणू एकमेकींच्या जावा. वेटरने विचारलं, "स्पेशल?" आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही, पण साधा म्हणायला लाज वाटली. स्पेशल म्हणजे वरती साय तरंगणारा, दुधाळ, इतका गोड की दात दुखावेत. माझी वकिलीण साय बोटाने काढून खात म्हणाली, "ह्यो परत सोडायचा जिवावर येणार बग."

त्याच सुमारास साताऱ्याला वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या मराठीच्या बाई मला घेऊन गेल्या. बाईंचं माहेर साताऱ्याचं; रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडे. सकाळी इतकी थंडी की बोटं वळेनात. बाईंच्या आईंनी गवती चहाची पात आणि आलं घालून चहा केला, तो पातळ कानाच्या कपांतून आला. वासानेच मी अर्धी गारद झाले. असला हिरवा, ओल्या बांधासारखा वास चहाला येतो हे मला माहीतच नव्हतं. भान हरपून मी कप बशीत उपडा केला आणि आमच्या गावच्या रीतीने मोठ्ठा फुर्रका मारला.

बाई कपाच्या काठाने एकेक थेंब टिपत होत्या, त्या थांबल्या. त्यांचे भाऊ वर्तमानपत्रामागे गेले. माझे कान तापले. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या आईंनी आपला कप शांतपणे बशीत ओतला, माझ्यापेक्षाही मोठा फुर्रका मारला आणि म्हणाल्या, "थंडीत असाच घ्यावा. कपातला बाई घशाशी पोचेपर्यंत गार होतो." मी त्या आजींना पुन्हा कधी भेटले नाही. पण आजही कोणी घाबरलेली मुलगी समोर बसली की मी बशीतून पिते.

तिथून उठून मी स्पर्धेला गेले. विषय होता, 'त्याग हाच मनुष्याचा खरा अलंकार'. मला दुसरं बक्षीस मिळालं. भाषणात मी आईच्या अनवाणी पायांचं उदाहरण दिलं आणि पदराने माझे स्वतःचेच डोळे टिपले. चहाचा उल्लेखही केला होता. "मीसुद्धा माझं छोटंसं सुख बाजूला ठेवलं आहे" असं काहीसं. टाळ्या पडल्या. तोंडाला तेव्हा गवती चहाचा वास येत असणार.

मग डिसेंबरच्या सुरुवातीला लढाई लागली.

संध्याकाळी रेक्टरबाईंच्या खोलीबाहेर आम्ही सगळ्या जमिनीवर बसायचो आणि त्या रेडिओ दाराशी आणून ठेवायच्या. बातम्यांत गावांची नावं यायची, ती कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक नसायचं. दादा नेमका कुठे आहे तेही नाही. त्याच्या पत्त्यात गाव नसायचं, नुसते आकडे. ज्या दिवशी लढाई लागली त्या दिवसापासून मी खरोखर चहा सोडला. माझ्या वकिलिणीने युक्तिवाद केला नाही. मेसमध्ये चहा वाढला जायचा तेव्हा ती स्वतःचा पेलाही पालथा घालायची.

लढाई दोन आठवड्यांत संपली. जिंकलो! कॉलेजात पेढे वाटले, मुलांनी ढोल आणले. कॅन्टीनवाल्यांनी मोठं पातेलं भरून चहा मैदानातच आणला आणि पहिल्यांदा भिंतीकडे न बघता आमच्याकडे बघत म्हणाले, "प्या पोरींनो!" सगळ्या प्यायल्या. मीही प्यायले. जिंकल्याचा चहा हा निराळाच प्रकार, नाही का? मनात आलं, लढाई संपली म्हणजे दादा आलाच.

दादा आला नाही. पत्रही आलं नाही.

नाताळच्या सुटीत मी घरी गेले तर शेजारच्या आळीतल्या दोघांची पत्रं येऊन पडली होती. एकाचा तर फोटोही. आमच्या दारावरून पोस्टमन मान खाली घालून जायचा. आबा गोठ्यात जास्त वेळ काढायला लागले. आईचे पाय टाचांशी उललेले. ती रोज संध्याकाळी त्यांना तेल लावायची. त्या आठ दिवसांत मी घरी चहाला हात लावला नाही, सगळ्यांदेखत, आणि कोणी "शाबास" म्हणालं की जमीन दुभंगावी असं वाटायचं. परत सांगलीला आल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर तारखा मांडल्या. मेसचा चहा अमुक दिवशी. स्पेशल तमुक दिवशी. साताऱ्याचा. जिंकल्याचा. समोर मोकळी जागा सोडली, दादाचं काही कळलं तर भरायला. आज हसू येतं. तेव्हा ते पान उघडायची माझी छाती व्हायची नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी माझी मैत्रीण म्हणाली, "चल, आमचं तळ आलंय कुपवाडच्या माळावर. आव्वा तुला बलावतीय." दिवाळीनंतर तिच्या घरचे मेंढरं घेऊन पश्चिमेकडे उतरायचे, शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खतासाठी. कुपवाडला तेव्हा आजच्यासारखे कारखाने नव्हते, निम्मा माळच होता. दोन तास चालून आम्ही पोचलो. दोऱ्यांच्या जाळीत कोकरं, एक घोडं, उघड्यावर मांडलेल्या तीन दगडांवर भगुलं. तिच्या आव्वाने, म्हणजे आईने, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि शेळी बाजूला घेऊन थेट भगुल्यातच दूध काढलं.

मी मैत्रिणीला म्हटलं, "मला नको. सांग तिला."

तिने सांगितलं. तिच्या आईने ऐकलं, आणि मला म्हणाली, "तळावर आलेलं माणूस कोरड्या तोंडानं गेलं तर आमच्या मेंढरास्नी सोसत न्हाई, बाय. भाऊ येतुय तुझा. पी."

शेळीच्या दुधाचा, धुराचा वास मुरलेला तो चहा पिवळसर आणि दाट होता. वर किंचित फेस. तिने तो जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटलीत ओतून माझ्या हातात दिला. मी मैत्रिणीकडे पाहिलं. या वेळी तिने कसलाही निकाल दिला नाही, ती कोकराचा कान खाजवत राहिली. मला पाहुणचाराचं कारण आयतंच मिळालं होतं. पण खरं सांगायचं तर मला तो प्यायचा होता. भीती होती, लाज होती, आणि त्या दोघींच्या वर बसलेला तो वास होता. मी ताटली तोंडाला लावली. काय चव होती म्हणून सांगू! खारट नाही, गोड नाही, जिभेवर साय धरणारी.

ताटलीच्या काठावरून मला दोन पाय दिसले. धुळीने पांढरे, टाचा उललेल्या.

आई समोर उभी होती.

ती पहाटेच्या यष्टीने सांगलीला आली होती. वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, पोरी मेंढरांच्या तळावर गेल्यात. तशी आई "मेंढरं कुठं बसल्यात?" असं विचारत विचारत कुपवाडपर्यंत चालत आली. तिने माझ्या हातातल्या ताटलीकडे पाहिलं की नाही कोण जाणे. कमरेला खोचलेलं पत्र काढून तिने पुढे केलं. घडी घालून चिकटवलेलं. न फोडलेलं.

"कवा आलं?" मी विचारलं.

"काल."

"मग मास्तरांकडून वाचून का नाही घेतलंस? एक दिवस तसंच..."

"परक्याच्या तोंडनं नगं," आई म्हणाली. "वंगाळ असलं तर तुझ्या तोंडनं ऐकीन. वाच."

मी ताटली खाली ठेवली. निम्मा चहा मातीत सांडला. पत्रावरचं अक्षर दादाचं नव्हतं. हे आईला कळणार नव्हतं, मला कळलं. माझ्या डोळ्यांपुढे वहीचं ते मागचं पान आलं आणि त्यातली रिकामी जागा. पत्र फोडताना माझ्या ओठांवर अजून शेळीच्या दुधाची साय होती. ती पुसायचंही सुचलं नाही.

मी वाचायला लागले. "ती. आईस आणि आबांस साष्टांग नमस्कार. पत्र दुसऱ्याच्या हातचं बघून घाबरू नये. माझ्या उजव्या हाताला लागलं आहे म्हणून शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताकडून लिहून घेत आहे. दवाखान्यात आहे. दोन बोटं गेली. बाकी सगळा मी आहे तसा आहे."

आई खाली बसली. तिने मातीला हात लावून कपाळाला लावला. "परत वाच." मी परत वाचलं. "बोटं कंची?" तेही लिहिलं होतं, करंगळी आणि तिच्या शेजारचं. "मग औताला धरता यील," ती म्हणाली, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. मैत्रिणीची आई तिच्याशेजारी बसली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. दोघी एकमेकींना त्या दिवसापर्यंत ओळखतही नव्हत्या.

मी पुढे वाचलं. जेवण बरं आहे, थंडी फार आहे, महिन्या-दोन महिन्यांत सुटी मिळेल. आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"आणि काय लिवलंय?" आईने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. संपलं."

"तुझं व्हट हाललं, पर आवाज आला न्हाई."

माझी आई लिहायला-वाचायला शिकली नव्हती म्हणून तिला वाचता येत नव्हतं असं मी अठरा वर्षं समजत होते. मी ती ओळ वाचली. "बारकीला विचारा, चहा खरंच सोडला आहे का? खरं सांग म्हणावं."

मला वाटलं आता आई बोलेल, मारेल, निदान शिवी हासडेल. मीच बोलायला सुरुवात केली आणि मग थांबता येईना: मेसचा, वेलदोड्याचा, पडद्यामागचा, साताऱ्याचा, जिंकल्याचा. "आई, माझ्यामुळंच दादाची बोटं गेली गं," म्हणून मी भोकाड पसरलं. अठरा वर्षांची घोडी, कॉलेजकन्या, दुसऱ्या बक्षिसाची मानकरी.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिस राहिलीस?"

"पाच."

"मी तीनच धरलं हुतं," आई म्हणाली.

मला कळेना. ती म्हणाली, "तू हात जोडलास तवाच वळाकलं म्या, ही काय राहत न्हाई. फाट्यावनं घरी आले आन् चुलीवरचं आधण वतून दिलं. तवापास्नं तुझ्या वाटणीचा म्याच सोडलाय. द्यावाला काय, कुणीबी सोडला तरी एकच. आन् द्यावानं तुझ्या बशीत बघत बसायचं का माझ्या पोराकडं ध्यान द्यायचं?"

त्या पहिल्या पाच दिवसांत आणि नाताळच्या सुटीतल्या आठ दिवसांत मी घरीच होते. माझ्या शेजारी बसून आई रोज सकाळी कोमट पाणी प्यायची आणि ते मला एकदाही दिसलं नव्हतं. मी स्वतःच्या पुण्याकडे आणि पापाकडेच बघत बसले होते. आईच्या पेल्यात डोकावायला फुरसत कोणाला?

मैत्रिणीच्या आईने नव्याने चहा ठेवायला घेतला. आईने हात आडवा धरला. "पोरगं घरी न्हाई आलं अजून. नुसतं पत्र आलंय." तेव्हा तिने शेळीचं दूधच गरम करून दिलं, गुळाच्या खड्याबरोबर. माझ्या ताटलीत उरलेल्या चहाकडे बोट करून आई म्हणाली, "त्यो पी आता. टाकू नगंस. उद्यापास्नं तुझा तू सोड."

सोडला. या वेळी खरोखर. वकिलीणबाईंनी दोनदा आडवळणाने विचारून पाहिलं, कुळथाच्या काढ्याबद्दल वगैरे. मी दाद दिली नाही. आई मात्र म्हणाली, "तुझ्यावर इस्वास न्हाई," आणि तिनेही पुन्हा सुरू केला नाही.

शिमग्याच्या आधी चार दिवस दादा आला. मी कॉलेज बुडवून घरी गेले होते. उजव्या हाताला पांढरं फडकं, गाल बसलेले, आणि फाट्यावर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "सोडला हुतास का गं, का नुसतं त्वांड वाजवलंस?"

"आईला विचार," मी म्हटलं.

आईने चहा ठेवला. नेहमीपेक्षा जास्त गूळ, आणि त्या दिवशी रतिबाचं दूधही घरातच ठेवून घेतलेलं. उतरवल्यावर तिने ते स्वतःच्या हाताने घातलं. चार कप झाले. आबांनी घेतला, दादाने डाव्या हाताने घेतला. आईने बशी ओठांना लावली, एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कसला कडू काडा ह्यो! जीभ इसरली वाटतं," ती म्हणाली. "ह्याच्यापायी एवढी रडत हुतीस व्हय गं?"

दादा खो खो हसला. आई दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घोट घेऊन बघणार होती, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही, आणि तिला तो उभ्या आयुष्यात पुन्हा कधी आवडणार नव्हता. पण त्या दिवशी हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने आपली बशी माझ्यापुढे सरकवली. मी माझा चहा प्यायले, मग तिचाही प्यायले, आणि पिताना हमसून हमसून रडत होते. रडणं अगदी मनापासून होतं. चहाही चांगला झाला होता.